जिनिंगच्या फाटकाशी तुटणारा हिशेब



कापूस विकून परतणाऱ्याच्या खिशात पैसे असोत की नसोत, एक कागद असतोच. कोणी त्याला काटापट्टी म्हणतो, कोणी हिशेबपट्टी, कोणी नुसतीच चिठ्ठी. नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी एक आकडा. गावातच खेडा खरेदीवाल्याला माल घातला असेल तर तेवढेही नाही. वहीच्या फाडलेल्या पानावर एक गुणाकार, बस्स. हा कागद घरी येऊन खुंटीवरच्या तारेत टोचला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात वाळवी त्याचा निकाल लावते.

भाव किती मिळाला यावर आपण रात्र रात्र बोलतो. तो भाव नेमका कशाला मिळाला, हे मात्र त्या कागदावर कुठेच नसते. ओलावा किती निघाला, रुईचा उतारा किती धरला, माल कोणत्या ढिगात टाकला, त्याच्या गाठी कोणत्या नंबरच्या झाल्या, यातले एक अक्षर नाही. ही माहिती जगात नाही असे समजू नका. ती त्याच फाटकाच्या आत, दोनशे पावलांवर, मुनिमाच्या टेबलावर रोज संध्याकाळी लिहिली जाते. आमचे म्हणणे तेवढेच आहे: एकाच कापसाचे दोन हिशेब दोन बाजूंनी लिहिले जातात आणि ते एकमेकांना भेटत नाहीत. जोवर भेटत नाहीत तोवर भावाची घासाघीस ही एका आंधळ्याने आणि एका डोळसाने खेळलेली पत्त्यांची बाजी आहे.

आत काय लिहितात ते आधी पाहू. भरलेली गाडी भुईकाट्यावर चढते, रिकामी होऊन पुन्हा चढते, फरकाचे वजन खरेदी वहीत जाते. माल पाहून तो कोणत्या ढिगात टाकायचा ते ठरते. दोन-चार दिवसांत तो ढीग डबल रोलर जिनांवर लागतो. एका बाजूने रुई निघते, दुसऱ्या बाजूने सरकी. रुई प्रेसमध्ये जाते आणि १७० किलोची गाठ बनून बाहेर येते. गाठीवर कारखान्याची खूण आणि चालू नंबर असतो. दिवस संपताना आकडे मांडले जातात: आज कापूस इतका लावला, रुई इतकी, सरकी इतकी, घट इतकी, उतारा अमुक टक्के. गाठीतला नमुना प्रयोगशाळेत जातो. धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर (म्हणजे तंतूचा बारीकपणा आणि त्याची पक्वता) यंत्राने मोजली जाते. मग सूतगिरणीशी सौदा होतो, तो खंडीच्या भावाने. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई.

फाटकाच्या आत सारा व्यवहार मोजून होतो. फाटकाच्या बाहेर ढिगात हात घालून, कापूस मुठीत दाबून, कधी दाताखाली सरकी फोडून होतो.

याची किंमत किती ते काढू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, ज्याने त्याने आपल्या बाजारचे घालावेत. रुईचा भाव खंडीला ५३,४०० रुपये धरा, म्हणजे किलोला १५० झाले. सरकी किलोला ३५ धरा. एक क्विंटल कापसात उतारा ३४ टक्के निघाला तर ३४ किलो रुईचे ५,१००, दोन किलो काडीकचरा आणि घट सोडून ६४ किलो सरकीचे २,२४०, मिळून ७,३४० रुपयांचा माल झाला. आता उतारा एका टक्क्याने वाढला तर काय होते? एक किलो सरकी कमी होते, एक किलो रुई वाढते. ३५ जाऊन १५० येतात. क्विंटलमागे ११५ रुपयांचा फरक. ३३ उताऱ्याचा कापूस आणि ३६ उताऱ्याचा कापूस यांत क्विंटलला ३४५ रुपयांचे अंतर आहे. वीस क्विंटल विकणाऱ्याच्या घरात ते ६,९०० रुपये होतात. बाजारात हे दोन्ही कापूस शेजारी शेजारी, एकाच भावाने जातात.

कोणी म्हणेल, ३६ वाल्याचे गेले ते ३३ वाल्याला मिळाले, शेतकऱ्याचे शेतकऱ्यातच राहिले. तसे होत नाही. ज्याला मालाची खात्री नाही तो बोली करताना आपली बाजू सांभाळून करतो. समोरच्या ढिगातून ३३ निघेल की ३६ हे माहीत नसेल तर बोली ३३ च्या हिशेबाने होते, आणि वर निघाले ते घेणाऱ्याच्या पदरात पडते. व्यापारी दुष्ट आहे म्हणून हे घडते असे आम्ही म्हणत नाही. अंधारात कोणीही तसेच करील, आपणही बैल घेताना तेच करतो. अंधार कोण ठेवतो, हा खरा प्रश्न.

सरकारी खरेदीतही या बाबतीत फारसा उजेड नाही. हमीभावाचे वर्ग पाडले जातात ते धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर यांवरून. मध्यम धागा २४.५ ते २५.५ मिलीमीटरचा, लांब धागा २९.५ ते ३०.५ मिलीमीटरचा. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यमला ७,७१० आणि लांबला ८,११० रुपये क्विंटल असा हमीभाव होता. या वर्गवारीत उताऱ्याला जागाच नाही. ओलाव्याला मात्र आहे, आणि ती चांगली धारदार आहे: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर माल परत. ८,११० वर एक टक्का म्हणजे ८१ रुपये १० पैसे. बारा ओलाव्याचा माल नेला तर क्विंटलला ३२४ रुपये ४० पैसे गेले. (बाजारभाव हमीभावाच्या खाली का राहिला हा वेगळा विषय. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात, म्हणजे ऐन आपला माल निघताना, माफ होते. त्यावर स्वतंत्र लिहू.)

आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा उतारा हा वाणाचा गुण म्हणून शिकलो. वाणावाणांत तो ३२-३३ पासून ३८ पर्यंत जातो, आणि वाण निवडताना पैदासकार तो आवर्जून पाहतात. आज शेतकरी बियाण्याचे पाकीट घेताना काय विचारतो? बोंड किती मोठे, झाडाला किती लागतात, वेचायला सोपे आहे का. उतारा कोणी विचारत नाही. का विचारावा? त्याचा पैसा त्याला कधी मिळालेलाच नाही. ज्या गुणाचा दाम पट्टीवर उमटत नाही तो गुण शेतात टिकत नाही. बोंड मोठे, सरकी जड, रुई कमी असा वाण वजनाने विकणाऱ्याला परवडतो, आणि मग तेच जिनवाले ओरडतात की विदर्भ-मराठवाड्याच्या कापसात आता उतारा राहिला नाही.

वेचणीचेही तसेच. सीतादही करून पहिला वेचा सुरू होतो तेव्हा घरोघर ठाऊक असते की पहाटेच्या दवातला कापूस ओला असतो, ऊन वर आल्यावर वेचला तर कोरडा. कवडी वेगळी काढावी, पाल्याचा चुरा येऊ देऊ नये, फरदडीचा कापूस पहिल्या वेच्यात मिसळू नये, हे बायांना सांगावे लागत नाही. पण उन्हात वेचायचे तर दिवसाचे वेचाईचे किलो घटतात, मजुरी वाढते. ती जास्तीची मजुरी कोरड्या कापसाच्या भावात परत मिळते हे ज्याला पट्टीवर दिसेल तोच ती देईल. दिसत नाही, म्हणून आपल्यातलेच काही उलट टोकाला जातात: गाडी भरताना मधल्या थराला पाण्याचा हबका मारतात, कवडी खाली दडपतात. जिनवाला ते जाणतो आणि सगळ्यांच्याच भावातून तेवढे वजा करून ठेवतो. हबका मारणारा एक, दंड भरणारे शंभर. ज्याचा त्याचा ओलावा ज्याच्या त्याच्या पट्टीवर आला तर ही शहाणपट्टी एका हंगामात बंद पडेल.

नोंदीची ही मागणी नवी नाही. वऱ्हाडातल्या कारंज्याला १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला तो पहिला मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा आला. ते शेतकऱ्याच्या कळवळ्याने झाले नव्हते. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात हवा होता. नंतर १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्यात लिहिले होते की कारखान्याने रजिस्टर ठेवावे, कोणाचा कापूस कोणत्या तारखेला जिनला त्याची नोंद करावी, प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालावा. शंभर वर्षांपूर्वीची ही अक्कल आहे! म्हणजे गाठ कोठून आली हे सांगता येत नाही ही सबब १९२५ सालीच संपली होती.

मग शेतकऱ्याचे नाव कोठे गेले? ते सरळ आहे. रजिस्टरात नाव येते ते ज्याच्यासाठी कापूस जिनला त्याचे. ज्याने मजुरी देऊन स्वतःचा कापूस जिनून घेतला त्याचे नाव त्या वहीत लागे, रुईही त्याची आणि सरकीही त्याची. आपण कापूस विकला की त्याच क्षणी तो व्यापाऱ्याचा झाला. वहीत व्यापाऱ्याचे नाव चढले आणि आपले फाटकाबाहेर राहिले. कायद्याने मागितलेली नोंद झाली, आपल्याशी तिचा संबंध तेवढा तुटला.

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना आली तेव्हा हा धागा पुन्हा जोडता आला असता. शेतकऱ्याची पावती एका हाताला आणि गाठीचा नंबर दुसऱ्या हाताला, दोन्ही एकाच सरकारी यंत्रणेकडे! ग्रेडर ग्रेड लावी, कापूस यंत्रणेच्या खर्चाने जिनला जाई, गाठी यंत्रणाच विकी, आणि अंतिम भाव विक्रीच्या हिशेबावर ठरायचा होता. तरी कोणत्या केंद्रावरच्या कोणत्या ग्रेडचा उतारा किती पडला आणि त्या गाठी काय भावाने गेल्या हे शेतकऱ्याला त्याच्या पावतीवरून कधी ताडून पाहता आले नाही. चुकाऱ्याची वाट पाहणे एवढेच त्याच्या हाती राहिले. २००२ पासून खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि मालक बदलले. वही मात्र तशीच राहिली, फाटकाच्या आत.

आता नव्या काळाकडे येऊ. ७ ऑक्टोबर २०२० रोजी भारताच्या कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव देण्यात आले. कस्तुरीच्या गाठीवर क्यूआर कोड असतो आणि तो सूतगिरणीपासून कपडा विकणाऱ्यापर्यंत गाठीची ओळख पुढे नेतो. सी.सी.आय.नेही आपल्या गाठींना तशी खूण लावली आहे. कोणत्या भागात खरेदी, कोणत्या कारखान्यात प्रेस, हे त्यातून कळते. परदेशातल्या ग्राहकाला आपल्या अंगातला सदरा कोणत्या कापसाचा हे जाणून घ्यायची इच्छा झाली आहे आणि युरोपात तसे कायदेही होऊ लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. आमचा सवाल एवढाच की हा माग पुढच्या दिशेनेच का चालतो? गाठीपासून सदऱ्यापर्यंत जाता येते, गाठीपासून माझ्या गाडीपर्यंत मागे का येता येत नाही?

आणि आपल्याकडून माहिती घ्यायची असते तेव्हा किती हात पुढे येतात पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतात उभे राहून फोटो काढा, नाहीतर सातबाऱ्यावर पेरा लागणार नाही. मग आधार, मग बँक खाते आधारशी जोडणे, मग शेतकरी ओळख क्रमांक. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर नोंदणी आणि माल आणायचा दिवस ठरवणे. ज्याचा सातबारा आजोबाच्या नावाने, ज्याच्या गावात टॉवर नाही, ज्याच्या फोनची काच फुटलेली, त्याने काय करावे? तो जातो खेडा खरेदीवाल्याकडे. पण ज्याने हे सारे केले, त्याला बदल्यात मिळते काय? वजन, भाव, रक्कम. तोच तीन आकड्यांचा कागद, आता मोबाइलवर. आपल्या शेताची कुंडली वर गेली, आपल्या कापसाची खाली आली नाही. यालाच पारदर्शकता म्हणतात! काच आहे खरी, पण पोलीस ठाण्यातल्या खोलीला असते तशी, एकाच बाजूने दिसणारी.

याउलट गावातली दूध डेअरी पाहा. सकाळी बाई किटली घेऊन जाते. दूध मोजले जाते, फॅट लागते, एसएनएफ लागते, आणि उभ्या उभ्या चिठ्ठी निघते: इतके लिटर, इतकी फॅट, इतका दर, इतके रुपये. दुपारी म्हशीच्या पुढ्यात सरकी-पेंड टाकताना तिला सकाळची फॅट आठवते. कामाचा आणि हिशेबाचा असा सांधा जुळलेला असतो. मशीन चोरी करते, फॅट दाबून दाखवते, अशा तक्रारी आहेत आणि त्यांतल्या कित्येक खऱ्या असतात. पण तक्रार करता येते ती आकडा आहे म्हणून. शेजारणीची फॅट आणि आपली फॅट ताडून पाहता येते, दुसऱ्या मशीनवर लावून पाहता येते. कापसात तक्रार करायलाही आकडा नाही.

उसाचेही पाहा. त्यांच्या दराचे नाते कारखान्याच्या साखर उताऱ्याशी बांधलेले आहे. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये क्विंटल, त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. कारखाने उतारा कमी दाखवतात म्हणून ऊसवाले भांडतात, काट्यावरून भांडतात, आणि भांडून काही पदरात पाडून घेतात. साखरेच्या उताऱ्यावर दर ठरू शकतो आणि रुईच्या उताऱ्यावर ठरू शकत नाही, यात शास्त्राची कोणतीही अडचण नाही. उसाला पाणी आहे, कारखाना आहे, सभासद आहेत, आमदार आहेत. कोरडवाहू कापसाला यातले काय आहे ते तुम्ही जाणता.

ज्वारीवाल्यांनी हे कापसाचे गाऱ्हाणे म्हणून पान उलटू नये. खरिपाच्या संकरित ज्वारीवर कणीस पक्व होताना पाऊस पडला की दाण्याला बुरशी लागून तो काळा पडतो. अडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो आणि “डागी आहे” म्हणतो. किती डागी? शंभर दाण्यांत चार की चाळीस? आधारभूत खरेदीच्या दर्जात ओलावा, खराब दाणा, किडका दाणा यांच्या टक्केवारीच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये होता. पट्टीवर टक्केवारी लिहून या म्हटले तर ‘डागी’ या एका शब्दाने क्विंटलला पाचशे-सातशे रुपये उतरवणे कोणालाही जड जाईल.

जिनवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, दिवसाला शेकडो गाड्या येतात. प्रत्येक गाडीचा कापूस वेगळा जिनला तर यंत्रे बंद ठेवावी लागतील. हे खरे आहे, आणि आम्ही ते मागतही नाही. गाडीतून नमुना काढून तो लहान नमुना-जिनवर जिनता येतो. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने तशी छोटी जिन तयार केलेली आहे. ओलावा मोजायचे विजेरी मीटर तर सी.सी.आय.च्या प्रत्येक ग्रेडरच्या हातात असते. आकडा पाहून तो भाव ठरवतो, मग तोच आकडा पट्टीवर लिहायला किती शाई लागते? राहिला ढीग. ढिगाला नंबर द्या, माझी गाडी कोणत्या ढिगात टाकली तो नंबर माझ्या पट्टीवर लिहा, आणि तो ढीग जिनून झाल्यावर त्याचा सरासरी उतारा फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहा. याला संगणकसुद्धा लागत नाही. ज्यांच्याकडे संगणक आहे, आणि आता बहुतेकांकडे आहे, त्यांना तर एक रकाना जोडायचा आहे.

दुसरा आक्षेप असा की हे आमच्या धंद्याचे गुपित आहे. गाठी कोणाला आणि काय भावाने विकल्या हे आम्ही विचारत नाही. आम्ही घातलेल्या कापसातून किती रुई निघाली हे विचारतो. स्वतःच्या मालाचे मोजमाप विचारणे यात कोणाचे गुपित फुटते?

हे सारे समोरच्याकडून मागायचे. अर्धा हिशेब मात्र आपल्या घरात आहे आणि तो कोणाकडे मागावा लागत नाही. वेचाईच्या दिवसांत संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो. प्रत्येक बाईचे गाठोडे तोलले जाते आणि घरची शाळेत जाणारी पोर वहीत लिहिते: अमकीचे ३८ किलो, तमकीचे ४१. मजुरी त्यावर द्यायची असते, म्हणून त्या वहीत चूक चालत नाही. चूक झाली तर बायाच बोलतात. कापसाच्या सबंध प्रवासात दोन्ही पक्षांच्या डोळ्यांदेखत लिहिलेली एवढी एकच वही आहे, आणि हप्त्याची मजुरी वाटली की आपण ती रद्दीत टाकतो! ती जपून ठेवली, वेच्यावार बेरीज केली आणि विक्रीच्या पट्टीशेजारी मांडली तर काय दिसेल? समजा वेचून आले २१ क्विंटल ४० किलो, आणि काट्यावर भरले २० क्विंटल ६० किलो. ८० किलो कोठे गेले? थोडे वाळून गेले असतील, ओल्या वेच्यात जास्त जातील. वाळण्याने समजत नसेल तर मग भुईकाट्याकडे पाहावे लागेल, त्यावर वैध मापन विभागाचा या वर्षीचा शिक्का आहे का ते विचारावे लागेल, भरल्या आणि रिकाम्या गाडीची दोन्ही वजने पट्टीवर आहेत का ते पाहावे लागेल. ‘काटा मारला’ असे ओट्यावर बसून म्हणणे आणि वही उघडून ८० किलोंचा जाब विचारणे, या दोहोंना मिळणारे उत्तर सारखे नसते.

त्याच वहीत पुढे खर्चाचे पान आहे. कृषी मूल्य आयोगाने २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा देशभराचा सरासरी खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला, त्याच्या दीडपट ७,७१० झाले. या खर्चात घरच्या माणसांची मजुरी आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही. शिवाय सरासरीत गुजरातचे ओलिताचे शेत आणि यवतमाळचे मुरमाड शेत एकाच पोत्यात भरलेले असते. उदाहरण घ्या: कोरडवाहूला एकरी २४,००० खर्च आणि पीक ४ क्विंटल, तर क्विंटलला ६,००० पडले. ओलिताला ३२,००० खर्च, पीक ८ क्विंटल, तर ४,००० पडले. आपला आकडा सरासरीच्या कोणत्या बाजूला पडतो हे आपल्या वहीशिवाय कोण सांगणार? ज्वारीच्या पानावर कडबा लिहा. घरच्या बैलांनी खाल्लेला कडबा आपण फुकटचा धरतो आणि बैलांचे कामही फुकटचे धरतो. दोन्ही लिहिले की शेतीचा हिशेब वेगळाच दिसू लागतो.

ही वही रोजच्या कामातूनच भरली पाहिजे. हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेला हिशेब कोर्टात साक्षीदार पढवावा तसा असतो. फवारणी झाली की औषधाच्या बाटलीचे बिल त्याच पानाला टाचा. वेचा झाला की बेरीज. गाडी गेली की पट्टी. दिवसाला दोन ओळी. घरात जो कोणी लिहिता आहे त्याच्याकडे हे काम द्या. बहुतेक घरांत ती सून नाहीतर मुलगी असते, आणि विक्रीच्या गोष्टीत तिला कोणी विचारत नाही. वही तिच्या हाती आली की तेही बदलेल अशी आमची अटकळ आहे.

जिल्हा मेळाव्यात आपण बाजार समित्या, सी.सी.आय.ची खरेदी केंद्रे आणि जिनिंग मालक यांच्याकडे एकच मागणी ठेवणार आहोत: पट्टीवर चार रकाने वाढवा. भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन, ओलाव्याचा आकडा, ढिगाचा नंबर, आणि त्या ढिगाचा उतारा निघाल्यावर तो. पहिल्या तीन गोष्टी त्याच दिवशी लिहिता येतात, त्यांना कोणाची सबब ऐकायची नाही. चौथीला आठ दिवसांची मुदत देऊ. जिल्ह्यातला जो जिनवाला हे स्वतःहून सुरू करील त्याचे नाव आपण याच पत्रकात छापू आणि गावोगाव सांगू की माल तिकडे न्या. चांगल्या उताऱ्याचा कापूस त्याच्या फाटकाशी आपोआप गोळा होईल, तेव्हा यात त्याचा तोटा नाही. बाकीच्यांनी काय करायचे ते त्यांना मग कळेल.

मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने गेल्या हंगामाच्या जेवढ्या पट्ट्या सापडतील तेवढ्या आणाव्यात, खेडा खरेदीच्या फाटक्या चिठ्ठ्यासुद्धा. त्या दिवशी मांडवात तालुकावार टेबले लागतील. वजन, भाव, वजावटी आणि तारीख यांचा एक तक्ता तिथेच तयार होईल, म्हणजे एकाच दिवशी एकाच बाजारात किती भाव होते आणि हमाली-तोलाईच्या नावाने कोणी किती कापले ते सगळ्यांसमोर येईल. वेचाईच्या वह्या ज्यांनी ठेवल्या असतील त्यांनी त्याही आणाव्यात. टेबलावर झेरॉक्स द्या. मूळ पट्टी कोणाच्याही हातात, आमच्याही, देऊ नका. चुकाऱ्याचा वाद निघाला तर तोच कागद लागतो.